कोकणात कारखाना टाकताना: कोणत्या महामंडळाकडे, केव्हा आणि काय घेऊन जायचे

उद्योगाला सरकारी मदत आहे, हे खरे. पण ती एका खिडकीवर मिळत नाही. जागा देणारे महामंडळ कर्ज देत नाही, कर्ज देणारी बँक अनुदान देत नाही आणि अनुदान मंजूर करणाऱ्याला तुमचा माल खपतो की नाही याच्याशी देणेघेणे नसते. नवा माणूस अडतो तो बहुतेक वेळा पात्रतेवर नाही, क्रमावर. आधी यंत्र घेतो, मग अनुदानाला जातो. आधी माल पाठवतो, मग विम्याची चौकशी करतो.

म्हणून इथे क्रमच दिला आहे. उदाहरणाला काजू प्रक्रियेचे छोटे युनिट धरले आहे, कारण सिंधुदुर्ग-रत्नागिरीत सगळ्यात जास्त चौकशी त्याचीच होते. आमरस, कोकम, फॅब्रिकेशन, बोटींचे सुटे भाग यांनाही वाट हीच.

१. आधी कोण काय देते ते समजून घ्या

- महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे एमआयडीसी (स्थापना १९६२): भूखंड, रस्ते, पाणी, बांधकामाची परवानगी. पैसे देत नाही, घेते.
- जिल्हा उद्योग केंद्र (डीआयसी), खादी आयोग आणि खादी मंडळ: पीएमईजीपी (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम) सारख्या अनुदान योजनांचे अर्ज.
- अण्णासाहेब पाटील महामंडळ, महात्मा फुले महामंडळ, ओबीसी महामंडळ, वसंतराव नाईक महामंडळ, मौलाना आझाद महामंडळ: आपापल्या समाजघटकांसाठी व्याज परतावा, बीजभांडवल किंवा थेट कर्ज.
- राष्ट्रीय लघुउद्योग निगम, म्हणजे एनएसआयसी (१९५५): सरकारी टेंडरसाठी नोंदणी आणि बँक गॅरंटीवर कच्चा माल.
- ईसीजीसी (१९५७): निर्यातीचे पैसे बुडाले तर विमा.
- जेम: सरकारी खात्यांना माल विकण्याचा ऑनलाइन बाजार. ही पूर्णपणे सरकारी मालकीची कंपनी आहे.

जुनी मंडळी एमएसएफसी आणि सिकॉम या उद्योगांना कर्ज देणाऱ्या राज्यातल्या जुन्या संस्थांची नावे सांगतील. त्यांचा काळ होता. आज छोट्या युनिटने कर्जासाठी सरळ बँकेत जावे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची अग्रणी बँक, म्हणजे जिल्ह्यातल्या सगळ्या बँकांच्या कर्जकामाचा मेळ घालणारी बँक, बँक ऑफ इंडिया आहे. कर्जप्रकरण एखाद्या शाखेत विनाकारण अडले, तर अग्रणी जिल्हा व्यवस्थापकाकडे लेखी जाता येते. हे फार थोड्यांना माहीत असते.

२. कागदांची फाईल

मूळ प्रती आणि स्कॅन, दोन्ही एकदमच तयार करा:

- आधार (मोबाईल जोडलेला), पॅन, बँक पासबुक
- शिक्षणाचा दाखला
- जातीचा दाखला, लागू असेल तर
- जागेचा कागद: सातबारा आणि आठ-अ, किंवा भाडेकरार, किंवा एमआयडीसीचे वाटपपत्र
- जागा ग्रामपंचायत हद्दीत असेल तर तसा ग्रामपंचायतीचा दाखला
- यंत्रांची कोटेशन, जीएसटी क्रमांकासह
- बांधकाम असेल तर इंजिनिअरचे अंदाजपत्रक
- प्रकल्प अहवाल

आधारवरचे नाव, पॅनवरचे नाव आणि दाखल्यावरचे नाव अक्षरशः एकच हवे. एकीकडे वडिलांचे नाव पूर्ण आणि दुसरीकडे नुसते आद्याक्षर, एवढ्यावरून अर्ज परत येतो.

३. उद्यम नोंदणी

तुमचा उद्योग सूक्ष्म, लघु की मध्यम याची ही सरकारी नोंद. केंद्राच्या उद्यम पोर्टलवर ती फुकट होते. आधार आणि पॅन पुरे, कागद चढवावे लागत नाहीत. पैसे मागणारी संकेतस्थळे खासगी आहेत. दिसायला हुबेहूब सरकारी असतात, म्हणून पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे ना ते बघा.

१ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीत २.५ कोटींपर्यंत गुंतवणूक आणि १० कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग सूक्ष्म धरला जातो. लघु उद्योगाची मर्यादा २५ कोटी आणि १०० कोटी आहे. म्हणजे तुमचे युनिट बहुधा सूक्ष्मच.

फॉर्ममध्ये उत्पादन सुरू झाले आहे का, असा प्रश्न येतो. झाले नसेल तर ‘नाही’ म्हणा. एजंट सवयीने ‘होय’ करून मागची तारीख टाकतो. पीएमईजीपी फक्त नव्या युनिटला आहे, आणि तुमच्याच सहीने तुमचे युनिट जुने ठरलेले असते.

४. जागा: घरची, भाड्याची की एमआयडीसीची

घरची जमीन असली की खर्च वाचतो असे वाटते. पण कोकणातला सातबारा क्वचितच एकट्याचा असतो. चुलते, आत्या, मुंबईची भावंडे, कधी आजोबांच्या नावानंतर वारस नोंदच नाही. बँकेला जागा तारण नको असली, तरी त्या जागेवर शेड उभारायला सहहिस्सेदारांची संमती हवी. ती गणपतीला सगळे गावात आले की घ्या, नोंदणीकृतच घ्या. तोंडी संमती कर्जाच्या फाईलला लागत नाही. शेतजमीन असेल तर बिगरशेती वापराचे काय ते तहसीलमध्ये आधीच विचारून घ्या. किनाऱ्याजवळ सीआरझेडची, म्हणजे बांधकामावर बंधने असलेल्या किनारपट्टीची, रेषा कुठून जाते तेही बघा.

एमआयडीसीची क्षेत्रे कोकणात बरीच आहेत. रत्नागिरीला मिरजोळे, चिपळूणजवळ खेर्डी आणि गाणे-खडपोली, खेड तालुक्यात लोटे परशुराम, सिंधुदुर्गात कुडाळ, रायगडात महाड आणि रोहा. लोटे, महाड ही रसायनांची क्षेत्रे. खाण्याचा माल करणाऱ्याने शेजार बघून भूखंड निवडावा. वास आणि धूर परीक्षणात पकडले जातात, ग्राहकाच्या नाकाला तर त्याआधीच.

भूखंड विकत मिळत नाही, ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळतो. टप्पे असे:

ऑनलाइन अर्ज, त्यासोबत प्रकल्प अहवाल, पाणी-विजेची गरज, सांडपाण्याचे प्रमाण आणि अनामत रक्कम. छाननीनंतर देकारपत्र. उरलेली रक्कम भरली की वाटपपत्र, मग ताबा आणि प्राथमिक करारनामा. त्यानंतर नकाशा मंजुरी, बांधकाम, इमारत पूर्णत्वाचा दाखला आणि शेवटी अंतिम भाडेपट्टा. जिथे भूखंड थोडेच शिल्लक आहेत तिथे थेट वाटप होत नाही, ई-लिलाव होतो.

इथे तीन खड्डे आहेत. पहिला मुदतीचा. ठरलेल्या मुदतीत बांधून उत्पादन सुरू केले नाही, तर मुदतवाढीचे शुल्क लागते आणि शेवटी भूखंड परत जाऊ शकतो. कोकणात जून ते सप्टेंबर पायाचे काम जवळजवळ होत नाही, म्हणून मुदत मोजताना दरवर्षीचे चार महिने वजा करूनच वेळापत्रक आखा. दुसरा तारणाचा. मालकी महामंडळाची असल्यामुळे बँकेला तारण देताना एमआयडीसीचे ना-हरकत पत्र लागते. त्याचा अर्ज कर्ज मंजुरीची वाट न बघता करा. तिसरा पोटभाड्याचा. एमआयडीसीतला गाळा भाड्याने घेत असाल, तर मालकाने पोटभाड्याची परवानगी काढली आहे का, ते पत्र स्वतः बघा. नसेल तर तुमचा भाडेकरार बँक धरणार नाही.

पहिल्यांदाच उद्योग करणाऱ्याने भूखंडामागे लागू नये, भाड्याच्या शेडमध्ये सुरुवात करावी. पीएमईजीपीत जमिनीची किंमत प्रकल्प खर्चात धरतच नाहीत. तयार शेडचे भाडे मात्र तीन वर्षांपर्यंतचे धरता येते.

५. प्रकल्प अहवाल: हंगाम नसलेला अहवाल फसवतो

बाजारात तयार अहवाल मिळतात. त्यात कच्चा माल ‘महिन्याला इतका’ असा बारा भाग करून लिहिलेला असतो. कोकणातली काजू बी मुख्यतः मार्च ते मे या तीन महिन्यांत येते. पावसाळ्यात लागणारी बीही तेव्हाच घ्यावी लागते.

साधा हिशेब बघा. रोज १०० किलो बी फोडायची आणि वर्षात २४० दिवस काम करायचे, तर २४ टन बी लागेल. किलोला १२० रुपये दर धरला तर २८ लाख ८० हजार. म्हणजे बॉयलर, कटिंग मशीन, ड्रायर, सोलणी या सगळ्या यंत्रांपेक्षा साठ्यातच जास्त पैसे अडकतात. काजू युनिट बंद पडते ते बहुतेक वेळा याच जागी: यंत्रे चकचकीत, गोदाम रिकामे.

मार्ग तीन. चार-पाच महिन्यांपुरतीच स्थानिक बी साठवायची आणि पुढे व्यापाऱ्याकडून आफ्रिकन बी घ्यायची. किंवा काही महिने दुसऱ्याची बी मजुरीवर फोडून द्यायची. किंवा खेळते भांडवल मोठे मागायचे. अहवालात यांतला कोणता ते स्पष्ट लिहा. बँकेचा अधिकारी कोकणात दोन वर्षे राहिलेला असला तर हाच प्रश्न विचारतो.

उताराही प्रामाणिक धरा. १०० किलो बीमागे साधारण २५ ते ३० किलो गर. वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या जातींचा उतारा ३० टक्क्यांच्या पुढे सांगितला जातो, पण तुमच्याकडे येणारी बी मिसळीची असते. अहवालात २६-२७ पुरे. शिवाय सगळा गर अख्खा निघत नाही, पाकळी आणि कणी निघतेच. तिचा दर वेगळा लावा.

साठवण्याआधी बी उन्हात वाळवून ओलावा ८-९ टक्क्यांवर आणावा लागतो. गोणी जमिनीवर नको, लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब. गोदामाच्या जांभ्याच्या भिंतींना आतून गिलावा नसेल तर जुलैत ओल चढते आणि गर काळा पडतो. गिलाव्याचा खर्च अहवालात घातला तर कर्जातून होतो, विसरलात तर खिशातून.

६. कर्ज आणि अनुदान

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, म्हणजे पीएमईजीपी. राष्ट्रीय पातळीवर तो खादी आयोग चालवतो. उत्पादन उद्योगाला प्रकल्प मर्यादा ५० लाख, सेवा उद्योगाला २० लाख. ही रचना २०२५-२६ पर्यंतच्या मंजुरीतली आहे, म्हणून अर्ज भरायच्या दिवशी पोर्टलवरची ताजी सूचना वाचून घ्या.

अनुदान असे: सर्वसाधारण गटाला शहरी भागात १५ टक्के, ग्रामीण भागात २५ टक्के. महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग यांना शहरी २५ आणि ग्रामीण ३५ टक्के. स्वतःचा हिस्सा सर्वसाधारण गटाला १० टक्के, बाकीच्यांना ५ टक्के. उत्पादनात १० लाखांच्या वरच्या प्रकल्पाला आठवी पास लागते.

पंचायतीची हद्द ग्रामीण, नगरपंचायत किंवा नगरपरिषदेची शहरी. शेड रस्त्याच्या अलीकडे की पलीकडे, यावर १० टक्के ठरतात. भाडेकरार करण्याआधी हद्द विचारा.

उदाहरण घ्या. ग्रामीण भागातल्या महिलेचा २० लाखांचा प्रकल्प. स्वतःचे १ लाख, बँकेचे १९ लाख, अनुदान ७ लाख. हे ७ लाख हातात येत नाहीत. बँकेत तुमच्या नावाने तीन वर्षांच्या ठेवीत राहतात. त्या ठेवीवर व्याज नाही आणि कर्जाच्या तेवढ्या भागावर व्याज लागतही नाही. म्हणजे व्याज भरायचे ते १२ लाखांवर. तीन वर्षांनी युनिट चालू आहे हे प्रत्यक्ष पाहून मग रक्कम कर्जात वळती होते. ‘सबसिडी आली की हप्ता भरतो’ हे गणित करून बसलेले खाते वर्षभरात थकीत होते.

आणखी एक अट वाचली जात नाही. खेळत्या भांडवलाची कॅश क्रेडिट मर्यादा त्या तीन वर्षांत एकदा तरी पूर्ण वापरलेली हवी आणि वापर ७५ टक्क्यांपेक्षा कमी नको. गरजेपेक्षा मोठी मर्यादा मागून ती पडून ठेवली, तर त्या प्रमाणात अनुदान परत जाते. काजूवाल्याला ही अट जड नाही, एप्रिलमध्ये मर्यादा आपोआप भरते. सेवा उद्योगांनी जपावे.

पती-पत्नी मिळून एकालाच लाभ मिळतो. दुसरे सरकारी अनुदान घेतलेले युनिट चालत नाही. आणि काजूच्या बोंडापासून सरबत, सिरप चालेल, दारू चालणार नाही, मादक पदार्थ वगळलेल्या उद्योगांच्या यादीत आहेत.

अर्ज ऑनलाइन. छाननी झाली की तो बँकेकडे जातो. शाखा तुम्हीच निवडता, तेव्हा आधी शाखा व्यवस्थापकाला भेटा, मग नाव टाका. सिबिल अहवाल, म्हणजे तुमच्या आजवरच्या कर्जफेडीची नोंद, काढून बघा. मित्राच्या मोटारसायकल कर्जाला जामीन राहिलेले विसरलेले असते, बँक विसरत नाही. उद्योजकता प्रशिक्षण पूर्ण केल्याशिवाय अनुदानाचा दावा पुढे जात नाही.

तारणाबद्दल. सूक्ष्म आणि लघु उद्योगाच्या ठरावीक मर्यादेपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. त्यापुढे सीजीटीएमएसई या विश्वस्त संस्थेची हमी घेता येते. तिचे शुल्क सहसा कर्जदाराकडूनच घेतले जाते, ते अहवालात धरा. आणि हमी बँकेला असते, तुम्हाला नाही. कर्ज फेडायचे ते फेडायचेच.

अण्णासाहेब पाटील महामंडळाची वैयक्तिक व्याज परतावा योजना पीएमईजीपीहून निराळी आहे. मराठा समाजातल्या अर्जदाराला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर ४ लाख ५० हजारांपर्यंत व्याज परत मिळते. इथे क्रम उलटा करणारे बरेच फसतात. आधी महामंडळाच्या पोर्टलवरून पात्रतेचे पत्र, ज्याला सगळे एलओआय म्हणतात, मग बँकेत कर्ज. कर्ज आधी घेतले आणि पत्र नंतर काढले, तर प्रकरण बसत नाही. हप्ता तुम्ही वेळेवर भरायचा, त्याचा पुरावा चढवायचा, मग व्याज खात्यात येते. हप्ता चुकला की त्या महिन्याचे व्याजही गेले. बाकीच्या महामंडळांच्या अटी निरनिराळ्या आहेत, पण ‘आधी पत्र, मग कर्ज’ हा नियम धरून चालायला हरकत नाही.

मंजुरीपत्र हातात येईपर्यंत यंत्राला आगाऊ रक्कम देऊ नका. विक्रेता ‘दर वाढतोय’ म्हणेल. वाढू दे.

७. वीज, पाणी, परवाने

एमआयडीसीत पाणी महामंडळाचे, वीज महावितरणची. मंजूर भार २० किलोवॉटच्या आत बसला तर स्थिर आकार बराच कमी असतो. म्हणून सगळ्या मोटारींची बेरीज करून मागू नका, एका वेळी चालणाऱ्यांची करा. वादळात दोन-दोन दिवस वीज जाते. ड्रायर निव्वळ विजेवरचा घेतलात, तर अर्धवट वाळलेला गर वाया जातो. टरफलांवर किंवा लाकडावर चालणारा पर्याय ठेवा.

प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र दोनदा लागते, उभारणीआधी एकदा आणि उत्पादनाआधी एकदा. तुमचा उद्योग पांढऱ्या, म्हणजे सगळ्यात कमी प्रदूषणाच्या, वर्गात असेल तर नुसते कळवून भागते. खाद्यपदार्थाला अन्न परवाना लागतोच.

८. सरकारी गिऱ्हाईक

केंद्राच्या २०१२ च्या धोरणानुसार मंत्रालये आणि सरकारी कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीपैकी किमान २५ टक्के सूक्ष्म-लघु उद्योगांकडून घ्यायची असते. त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांना ४ टक्के आणि महिलांना ३ टक्के. कोकणात अशी गिऱ्हाइके हाताशी आहेत: कोकण रेल्वे, थळचा आरसीएफ, उसरचा गेल, उरणचे ओएनजीसी, अंजनवेलचा रत्नागिरी गॅस अँड पॉवर. काजूगर त्यांना वर्षातून दिवाळीच्या भेटीपुरता लागेल. पण फॅब्रिकेशन, पॅकिंग, रंगकाम, कॅन्टीनचा माल, सुटे भाग करणाऱ्याने इकडे लक्ष द्यावे.

जेमवर विक्रेता नोंदणी उद्यम, पॅन आणि बँक खात्यावर होते. अनामत रकमेतून सूट बऱ्याच ठिकाणी उद्यमवरच मिळते. एनएसआयसीची सिंगल पॉइंट नोंदणी त्याहून वजनदार. तपासनीस युनिट बघून जातो, काय आणि किती बनवता ते प्रमाणपत्रावर लिहिले जाते, टेंडरची कागदपत्रे फुकट मिळतात. वर्ष पूर्ण न झालेल्या युनिटला ५ लाखांच्या मर्यादेची तात्पुरती नोंदणी मिळते. तुमचा दर सगळ्यात कमी दरापेक्षा १५ टक्क्यांच्या आत असेल आणि तो सगळ्यात कमी दर मोठ्या उद्योगाचा असेल, तर त्याच दराला काही भाग पुरवण्याची संधी मिळते. दुसऱ्याचा माल आणून विकणाऱ्याला या सवलती नाहीत.

एनएसआयसीकडून कच्चा माल १८० दिवसांपर्यंत उधारीवर मिळतो, पण बँक गॅरंटी द्यावी लागते. पत्रा, ॲल्युमिनियम, प्लास्टिक दाणा लागणाऱ्यांना उपयोग. शेतकऱ्याकडून बी घेणाऱ्याला फारसा नाही.

पैसे थकले तर कायदा बाजूने आहे. जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. सूक्ष्म व लघु उपक्रम सुविधा परिषदेकडे ऑनलाइन दाद मागता येते. त्यासाठी पहिला माल देण्याआधीची उद्यम नोंदणी आणि माल पोचल्याची सही-शिक्क्याची पावती जवळ हवी. गेटवरचा शिक्का नसलेले चलन घेऊन ड्रायव्हर परत आला, तर त्याला त्याच दिवशी पुन्हा पाठवा.

९. परदेशी माल पाठवणार असाल तर

आयात-निर्यात कोड डीजीएफटीकडून (केंद्राचे विदेश व्यापार महासंचालनालय) ५०० रुपयांत मिळतो. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये त्याची माहिती अद्ययावत करावी लागते, बदल नसला तरी. नाही केली तर कोड निष्क्रिय होतो आणि हे कळते ते माल बंदरावर पोचल्यावर.

ईसीजीसीची पॉलिसी घेतली म्हणजे सगळे झाले असे नाही. प्रत्येक खरेदीदाराची पतमर्यादा वेगळी मंजूर करून घ्यायची, ती आल्यावरच माल चढवायचा. खरेदीदार दिवाळखोर झाला, पैसे देतच नाही किंवा त्या देशात युद्ध-बंदी आली, तर भरपाई. मात्र त्याने ‘माल खराब आला’ अशी तक्रार केली, तर तो दर्जाचा वाद होतो. त्याच्या देशातल्या न्यायालयातून निकाल तुमच्या बाजूने लागेपर्यंत दावा थांबतो. आंबा आणि काजूत नेमकी हीच तक्रार येते. म्हणून प्रत्येक खेपेचा ओलाव्याचा आणि प्रतवारीचा अहवाल, सीलबंद नमुना आणि भरतानाचे तारखेसह फोटो ठेवा. थकबाकी मुदतीत कळवली नाही तर दावा जातो. तेव्हा पैसे यायच्या तारखेची नोंद हिशेबनिसाच्या वहीत नको, तुमच्या मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये हवी.